बियाण्याची ज्वारी

४ जानेवारी
पोचले बाई एकदाची. जामखेडच्या अलीकडं कडूबाईंची मशरूमची शेड आहे, तिथं महिनाभर राहणार. सावेडीच्या घरून निघताना रंगनाथचं तोंड एवढंसं झालं होतं. नवराच तो, काळजी करणारच. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. नसांवरचं आवरण झिजतं, वायरीवरचं रबर जावं तसं. डावा पाय बधिर, काठीशिवाय चालता येत नाही, हातातून चमचा पडतो. इथली दाढीसारखी लोंबणारी पांढरी अळंबी नसांना चांगली, असं ऐकून आलेय. डॉक्टर म्हणाले, ठोस पुरावा नाही, खायची तर खा, पण इंजेक्शनं सोडू नका. मी मान डोलावली आणि इंजेक्शनं घरी फ्रीजमध्येच ठेवून आले. हट्टी तर हट्टी. मला माझ्या पायानं चालायचंय, बास.

७ जानेवारी
बसून बसून कंटाळा येतो, म्हणून काम शिकतेय. शिजवलेल्या ज्वारीवर पांढरी बुरशी वाढवतात, ते बियाणं. ते भुशाच्या पिशवीत भरून अंधाऱ्या खोलीत टांगायचं. पिशवी आतून पांढरीफेक झाली की ब्लेडनं चीर द्यायची, तिच्यातून अळंबी फुटते, तिलाच इथं फळ म्हणतात. चीर दिल्याबिगर ती भाईर येत न्हाई, असं कडूबाई म्हणाल्या. आमच्या माहेरी पेरताना बायका चार दाणे तोंडात टाकतातच. माझाही हात सवयीनं गेला. गोडसर लागलं, हुरड्यासारखं. कडूबाई लई चिडल्या. धनश्रीताई, फळ शिजवून खावा, बियानं जित्तं असतंय, म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं. फळात गुण, तर बियात जास्तच असणार की.

१३ जानेवारी, भोगी
तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मिसळीची भाजी. जेवता जेवता डाव्या अंगठ्याला मुंग्या आल्या. त्या मेलेल्या पायाला! रंगनाथला फोन करून रडले. ती बियाण्याची ज्वारी रोज मूठभर खाते, चोरून. कडूबाईंना पत्ता नाही.

१८ जानेवारी
काठी सोडली. चालतेय. पण एक विचित्र झालं. कडूबाईंनी आत पिशव्यांवर पाणी फवारलं आणि माझ्या पोटऱ्या गार पडल्या. मी बाहेर ओट्यावर होते, उन्हात.

२१ जानेवारी
आज तोडणी. कामाच्या बायकांनी एकेक फळ खुडलं की माझ्या बोटांतून कळ जायची. मी ओरडले, थांबवा म्हणाले. कडूबाई धावत आल्या. सगळं सांगून टाकलं. मालकान्ला बोलवा, दवाखान्यात जाऊ, म्हणाल्या. मला फार भीती वाटतेय.

२२ जानेवारी
पोटरी दाबली तर भुशासारखी दबते. कातडीखाली पांढरं, गुडघ्यापर्यंत. ऊन सोसत नाही. पाय सारखे त्या अंधाऱ्या खोलीकडं वळतात. मी वळवत नाही. चालायचं होतं ना मला — आता हे पायच मला —

२३ जानेवारी
मांडीच्या वर आलं. कडूबाईंनी सगळी ब्लेडं लपवली, मला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली. दाराशी बसून रडतायत. दोन दिवस मीच कळवू दिलं नव्हतं, आज त्यांनी फोन केला, रंगनाथ निघालाय.

आत दाटलंय. वाट मागतंय. चीर दिल्याबिगर —

वहीत ब्लेड आहे. मी ठेवलं नव्हतं. कधी उचललं —

गाडी वाजली. रंगनाथची हाक. येऊ नकोस — नाही, ये, लवकर ये, माझा हात धर, तो ऐकत नाही, तो मांडीवर —