ताईचं निदान

९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण अक्षरं कागदावर जागेवर राहत नाहीत. हे वाचून तू नाक मुरडलं असशील, ते मला इथून दिसतंय. सिगारेट सोडून तीन महिने झाले. एकही ओढलेली नाही. हिला विचार, ती रोज माझ्या शर्टाचे खिसे हुंगते. पहिले आठ-दहा दिवस डोकं हलकं व्हायचं, चिडचिड व्हायची. ते सगळ्यांचंच होतं म्हणतात. माझं मात्र अजून थांबलेलं नाही. शिडी चढून क्रेनच्या केबिनमध्ये गेलो की दोन मिनिटं खुर्ची धरून बसावं लागतं. दुपारनंतर खालचं यार्ड धुरकट दिसतं. खाली उभा राहून मला हाताने खुणा करणारा आमचा लंबू एवढा ताडमाड, पण त्याची बोटं काही मोजता येत नाहीत.

तू अठ्ठावीस वर्षं वॉर्डात नर्स होतीस म्हणून विचारतो. हे किती दिवस चालतं? डॉक्टरला दाखवू का?

तुझे टोमणे सोसण्याइतका लोभ माझ्याकडे शिल्लक आहे.

तुझा
धाकटा

१७ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून कीव आली असं लिहिणार होते, पण खोटं कशाला, हसू आलं. पंचवीस वर्षं धुराडं होऊन फिरलास. आईच्या आजारपणात दर तासाला व्हरांड्यात पळायचास आणि खोकत परत यायचास, तेव्हा तुझे डोळे अगदी स्वच्छ होते. आता तीन महिने शहाण्यासारखा वागलास तर लगेच भोवळ.

असे हुतात्मे मी वॉर्डात ढिगाने पाहिलेत. कोणाच्या हाताला मुंग्या, कोणाच्या डोळ्यांपुढे अंधारी, आणि मग जिन्याखाली काड्यापेटीसकट सापडायचे. तलफ आहे ती, वेष बदलून आलेली. डॉक्टरचा वेळ खाऊ नकोस. तोंडाला चाळाच हवा असेल तर लहान मुलासारख्या गोळ्या चघळ. आणि स्वतःकडे इतकं बघत बसू नकोस, कामाकडे बघ.

लोभ आहे, पण तो रडगाण्याने वाढत नाही.

ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाच महिने झाले. तुझ्या हुकुमाप्रमाणे पेपरमिंट चघळतो, खिसाभर. भोवळ आहे तशीच आहे. शिवाय तहान इतकी लागते की केबिनमध्ये पाण्याचा कॅन घेऊन चढतो, आणि मग एका पाळीत चार-चार वेळा लघवीला शिडी उतरतो. लंबू म्हणतो, क्रेनपेक्षा मीच जास्त खाली-वर करतो.

ही डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली होती. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, ताई नर्स आहेत, देव नाहीत. मी म्हटलं, ताईला हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

साहेबांना काही बोललेलो नाही. बोललो तर स्टोअरमध्ये बसवतील. तिथे बसणाऱ्यांना आम्ही सगळे अडगळ म्हणतो. सगळ्यात मोठ्याने मीच म्हणतो. तेव्हा तू म्हणतेस तसं नाटकच असेल, असं धरून चाललोय.

राग असला तरी पत्र टाक.

धाकटा

१० ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझ्या बायकोला सांग, मी देव असते तर तुझ्या पत्रांना उत्तरं द्यावी लागली नसती. गोळ्या खाल्ल्या की तहान लागते, पाणी प्यायलं की जावं लागतं. एवढं समजायला डॉक्टर कशाला? आणि पन्नाशीच्या माणसाला चष्मा लागतो. तो लावायची लाज वाटते म्हणून सिगारेट सोडल्याच्या नावाने बोटं मोडतोस. पुढचं पत्र रडगाण्याशिवाय असेल तरच उघडीन.

बाकी लोभ होता तेवढाच आहे.

ताई

२९ ऑगस्ट

ती. ताईस,
नमस्कार.

अक्षर हिचं आहे, शब्द माझे. मंगळवारी दुपारी मी एक लाकडी पेटी खाली उतरवत होतो. लंबूने मूठ वळून थांब अशी खूण केली. मला मूठ दिसली नाही. हात हलतोय, अजून खाली घे म्हणतोय, असं वाटलं. पेटी त्याच्या डाव्या पावलावर बसली.

मी शिडी उतरलो आणि साहेबांना पाच महिन्यांचं सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. केबिनची किल्ली मागितली फक्त.

कारखान्याच्या डॉक्टरने बोटाला सुई टोचली. साखर चारशेच्या वर. तहान कधीपासून, लघवी किती वेळा, असं त्याने भराभर विचारलं, जणू माझी पत्रं त्याने वाचली होती. सिगारेट सोडल्याची भोवळ साधारण काही आठवड्यांत जाते म्हणाला. महिनोन्‌महिने राहिली तर दुसरं काही शोधावं लागतं. सोडली ते चांगलंच केलं, ओढत असतो तर आणखी वाईट झालं असतं. साखर उतरली की बरंचसं स्पष्ट दिसेल, पण डोळ्यांचा पडदा तपासायचाय. इतके दिवस कोणाच्या सल्ल्याने चाललात, असं विचारलं. मी म्हटलं, नात्यातल्या एकीच्या. तू नर्स आहेस ते सांगितलं नाही. लाज वाटली. तुझी की माझी, ते तूच ठरव.

लंबूची दोन बोटं काढली. पुढच्या उपचारासाठी त्याला तुझ्याच शहरात आणलंय, मंडईमागे त्याच्या सासुरवाडीला आहे. मला प्रवासाची मनाई आहे. तू जा. एवढ्या वर्षांत तुझ्याकडे मागितलेलं हे दुसरं काम. पहिलं म्हणजे जूनमधला तो सल्ला; तो कसा दिलास ते तुला माहीत आहे.

लोभाचं नंतर बघू.

धाकटा

१६ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद द्यायचा हक्क उरला असेल तर, आशीर्वाद.

पाकिटावर तुझ्या बायकोचं अक्षर होतं म्हणून लगेच उघडलं. तुझं असतं तर चार दिवस पडू दिलं असतं; मी अशी आहे.

तहान, लघवी, अंधुक दिसणं, हे एकत्र कानावर आलं की आधी रक्त तपासा, असं मी नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवायचे. एखाद्या परक्याने दारात उभं राहून सांगितलं असतं तरी ओळखलं असतं. तू सांगितलंस म्हणून नाही ओळखलं. तुझं ऐकायची मला सवयच नाही. यावर माफी मागणं म्हणजे तुझ्यावर आणखी एक काम टाकणं, म्हणून मागत नाही.

लंबूकडे गेले. त्याच्या बायकोने विचारलं, तुम्ही कोण? मी नात्यासकट सगळं सांगितलं, हसले होते तेही. वेळ संपल्यावर वॉर्डात घुसणाऱ्या नातेवाइकांकडे मी जशी बघायचे, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, हळहळायला येणारे पुष्कळ आहेत. खरंच नर्स असाल तर पट्टी बदलायची राहिलीय. परात समोर आदळली आणि आत निघून गेली.

पट्टी बदलली. जखम स्वच्छ आहे, भरतेय. लंबूने तुझे डोळे कसे आहेत विचारलं. तो रागावलेला नाही. ती आहे, आणि तिने असावं.

तेव्हापासून रोज सकाळी नऊला जाते. ती दार उघडते आणि बाजूला होते. आज गेले तेव्हा पट्टीसाठी पाणी तिने आधीच तापवून ठेवलं होतं.

डोळ्यांचा रिपोर्ट आला की सगळा लिही, एकही ओळ गाळू नकोस. लोभ कर असं सांगायचं तोंड नाही. जमेल तेव्हा कर.

ताई