अंगणाच्या मधोमध ओटा

प्रिय दादा,

तुझी आणि माझी जन्मभर एकच तक्रार होती, घरात आपलं कुणी ऐकून घेत नाही. तू ती हसत सांगायचास, मी माईकवरून सांगायचो. आज लिहायला बसलोय, कारण उद्या सकाळी गवंडी येणार आहे आणि त्याला उत्तर द्यायचंय. तुझा अर्धवट राहिलेला ओटा पुरा करायचा, की पाडायचा?

खरं सांगू? दमलोय मी. तू गेल्यापासून भाषणाची आमंत्रणं परत पाठवतोय. लोकांना वाटतं घसा बसलाय. घसा ठीक आहे रे, उभं राहावंसंच वाटत नाही.

फौजेतून पेन्शनवर आलास तेव्हा ट्रंकेबरोबर एक खूळ घेऊन आलास. अधिकाऱ्यांच्या मेसच्या लॉनवर बघितलेला बार्बेक्यू आपल्या तासगावच्या अंगणात बांधायचा! तोही भिंतीला चिकटून नव्हे. मधोमध, चारी बाजूंनी मोकळा. एका अंगाला कोळशाचा खड्डा, वर जाळी, खाली राखेचा कप्पा. दुसऱ्या अंगाला बेसिन आणि कापाकापीला कडाप्पा. जाळी वेल्डरकडून तीनदा बदलून घेतलीस. बागेच्या छाटणीतल्या द्राक्षाच्या काड्या उन्हाळाभर वाळवल्यास. "चव धुरात असती रं," म्हणायचास.

विटा कमरेएवढ्या आल्या तेव्हा शेजारच्या शामूतात्यांनी कुंपणावरून विचारलं होतं, "गड्या, जित्तेपणीच समाधी बांधतुयास व्हय रं?"

"व्हय," तू म्हणालास, "बोकडाची!"

किती हसलो होतो आपण! आता त्या विटांकडे बघून कुणी हसत नाही.

वहिनी माळकरी. लग्न होऊन आल्या त्या गळ्यात तुळशीची माळ घेऊनच. त्यामुळे मटण कधी घरात शिजलं नाही. तू कुंपणाच्या कोपऱ्यात तीन दगड मांडायचास आणि घराकडे पाठ करून उकिडवा बसायचास. पावसात एका हातात छत्री, दुसऱ्या हातात उलथनं. मला ते बघवत नसे. वाटायचं, सरहद्दीवर उभा राहिलेला हा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात का जाऊ शकत नाही?

"घर तुझं आहे, आत शिजव!" मी किती वेळा ओरडलो असेन! "एका माळेला इतकं भ्यायचं?"

"तिला आत बरं वाटतं, मला भाईर बरं वाटतं. तुझं काय दुखतंय रं? भाषण झालं असलं तर कांदा चीर."

मी कांदा चिरला. भाषण मात्र थांबवलं नाही.

मग ते उदबत्तीचं. दहाबारा दिवस तू सकाळ-संध्याकाळ पेटलेली उदबत्ती घेऊन अंगणात फिरायचास. इथे थांब, तिथे थांब, जमिनीवर चुन्याची खूण कर. मी गॅलरीतून बघायचो आणि जळफळायचो. ओट्यालाही दिशा? मुहूर्त? इतकी पुस्तकं वाचलेल्या माझ्या घरात हे? खाली उतरून तुला विचारायला पंधरा पायऱ्या होत्या, दादा. मी उतरलो नाही.

मी गेलो थेट वाचनालयाच्या व्यासपीठावर. अंधश्रद्धेवर बोलताना म्हणालो, "दूर कशाला जाऊ? माझा सख्खा भाऊ, फौजेतला माणूस, बोकड भाजायच्या ओट्यासाठी उदबत्ती ओवाळतोय!" सभागृह हसून लोटपोट झालं. तू दुसऱ्या रांगेत बसला होतास.

परत येताना तू गाडी चालवत होतास. म्हणालास, "आवाज झ्याक लागला हुता आज." बस्स, एवढंच. का रे गप्प राहिलास? एकदा तरी डाफरायचं होतंस माझ्यावर!

त्यानंतर महिन्याभरात तू गेलास. विटा तशाच राहिल्या. काल तुझ्या विक्रमचा पुण्याहून फोन आला. "काका, ते काढून टाकू या. आता तिथं कोण भाजणार? गाडी तरी आत येईल." पोराचं काय चुकलं? मी हो म्हणालो. आज गवंडी बघायला आला. तो म्हणाला, "आण्णा, नुस्ताच पाडता कशाला? भितीकडंला नवा बांधून देतो, गाडीबी बसंल." मी त्यालाही हो म्हणणार होतो.

तेवढ्यात वहिनी मागच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. तू गेल्यापासून त्या अंगणात आल्या नव्हत्या.

"आवं भावजी, भितीकडं न्यायचा असता तर त्यांनी तवाच न्हेला नसता का? इतकं दिस उदबत्ती घिऊन फिरलं ते कशापायी?"

"मुहूर्त बघत होता ना?"

"कसला मुहूर्त! वारं बघत हुतं. ह्या पायरीवर धूर येतूय का, ते बघत हुतं. मी हितं भाजी निवडत बसायची आन् त्यांनी तिकडं माझ्याकडं त्वांड करून भाजायचं. मी म्हणलं, मी बसते की आत. तर म्हणलं, मग मी बोलू कुणाशी, बोकडाशी?"

दादा, मी तिथेच विटांवर बसलो. म्हटलं, "वहिनी, भाषणाच्या दिवशीच मला सांगितलं का नाही?"

"सांगणार हुते. ह्यांनीच आडवलं, म्हणलं, ऱ्हाऊ दे. टाळ्या मिळाल्यात त्याला."

एवढी वर्षं मी तुला बायकोच्या श्रद्धेपुढे वाकलेला समजत होतो. माळ तिच्या गळ्यात राहावी, मटण तुझ्या ताटात राहावं आणि तरीही दोघांनी समोरासमोर बसावं, यासाठी तू वारा मोजत होतास. मी बाहेरच्या जगाला माणुसकी शिकवत होतो! माझं मत अजूनही तेच आहे, दादा. श्रद्धेच्या नावानं कुणी कुणाला घराबाहेर काढू नये. पण तुला कुणी काढलंच नव्हतं. हे मला दिसलं नाही.

तर ऐक. ओटा जिथे आहे तिथेच पुरा होईल. तुझ्या उंचीचा आहे, मला पायाखाली पाट घ्यावा लागेल, घेईन. वहिनी पायरीवर बसतील आणि मी त्यांच्याकडे तोंड करून भाजेन. पहिल्यांदा करपेल, खाऊ. आणि त्याच वाचनालयात, त्याच माईकवरून, तुझी माफी मागेन. टाळ्यांसाठी थांबणार नाही.

हे पत्र विक्रमलाही पाठवतोय. विक्रम, येत्या रविवारी जेवायला ये, आणि गाडी रस्त्यावर लाव.

तुझा,
बाळू