सेहेचाळीस तास

क्वीन्सटाउन, सिंगापूर
शुक्रवार, १५ सप्टेंबर २००६

प्रिय एकता,

हे पत्र कुरियरने पाठवत आहे. मंगळवारी, फार तर बुधवारी ते तुझ्या वसतिगृहावर पोहोचेल. मिळाल्यावर खोलीत बसून, एका बैठकीत आणि शेवटपर्यंत वाच. प्रयोगशाळेत जाता जाता बसमध्ये उघडू नकोस. अठ्ठावीस तारखेला वैद्यकीय महाविद्यालयात तुझी मुलाखत आहे आणि त्या खुर्चीत बसण्यापूर्वी तुला एक गोष्ट ठाऊक असणे आवश्यक आहे. ती फोनवर सांगण्याचा प्रयत्न मी गेल्या रविवारी केला. मध्येच तू विचारलेस, "बाबा, लाइन गेली का?" लाइन व्यवस्थित होती. त्यानंतर मी तुला कोट आधीच इस्त्री करून ठेवण्याची सूचना दिली आणि फोन आईच्या हातात दिला. फोनवर मला केवळ सूचना देता येतात, ही तुझी जुनी तक्रार आहे. ती रास्त आहे, म्हणून लिहीत आहे.

घरी सर्व ठीक आहे. आईचा गुडघा पावसाळी हवेत कुरकुरतो, तरी शनिवारी मेथी आणि ज्वारीचे पीठ आणायला ती एमआरटी रेल्वेने लिटिल इंडियाला जातेच. रविवारी सकाळी आम्ही दोघे नेहमीप्रमाणे मूर्तीपुढे बसून त्रिशरण-पंचशील म्हणतो. तू होतीस तेव्हा तीन आवाज असत. त्यात एखादा कमी पडला तरी लक्षात येत नसे. आता दोनच आहेत. मागच्या महिन्यात अगरबत्तीची राख पुसता पुसता आई म्हणाली, "अहो, तीन शीलं खणखणीत म्हणता आणि चौथ्यालाच नेमका घसा कसा बसतो तुमचा?" मी एअरकंडिशनरला दोष दिला. तिने आल्याचा काढा करून दिला आणि मी तो तीन दिवस मुकाट्याने प्यायलो.

तुझा तक्ता अजून फ्रीजवर आहे. तू बारावीनंतर अमेरिकेला निघालीस त्या आठवड्यात मी तो केला होता. आमच्या कार्यालयात कोणता खलाशी कोणत्या बंदरात जहाजावर चढणार आणि कुठे उतरणार याचे जे मोठे कागद असतात, त्यांतल्याच एका कोऱ्या कागदावर. वर चार वर्षांचे महिने. डाव्या बाजूला रुग्णसेवा, संशोधन, नेतृत्व, कला. वैद्यकीय प्रवेशाला नुसते गुण पुरत नाहीत, अभ्यासाबाहेर तुम्ही काय केले हेही पाहतात, हे कळल्यावर मी ते काम हाती घेतले. कॉमर्सचा पदवीधर मुलीला शरीरशास्त्र शिकवू शकत नाही. वेळापत्रक मात्र त्याला करता येते. कलेच्या रकान्यात मी 'हार्मोनियम, आठवड्याला दोन तास' असे लिहिले, तेव्हा तू विचारले होतेस की हार्मोनियम विमानात केबिनमध्ये नेऊ देतात का. मी विमान कंपनीला फोन करून खात्री करून घेतली होती. तू थट्टा करत होतीस, हे आईने मला नंतर सांगितले.

त्या तक्त्यात २००५च्या जून ते ऑगस्टसमोर 'वृद्धांचे शुश्रूषागृह' असे हिरव्या शाईत लिहिले आहे. आठवड्याला तीन दिवस, दिवसाला पाच तास, दहा आठवडे, एकूण दीडशे. तू सुट्टीसाठी घरी आलीस आणि तीन आठवडे अगदी वेळेवर गेलीस. चौथ्या आठवड्याच्या सोमवारी तू दुपारीच परत आलीस आणि त्यानंतर गेलीच नाहीस. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. मी एकदा विचारले. मी पुन्हा विचारले. विचारले म्हणण्यापेक्षा तक्ता हातात घेऊन तुझ्या दारात उभा राहिलो. रिकाम्या रकान्यांनी कोणी डॉक्टर होत नाही, असे मी म्हणालो. तू मान न वळवता म्हणालीस, "बाबा, आय ॲम नॉट युअर शिप, लाह." इथल्या बोलीतले ते 'लाह' मला त्या क्षणी उद्धटपणाचे वाटले. नंतर मी तुझ्या तासांची बेरीज मागितली. तू सेहेचाळीस सांगितलेस. तीन आठवड्यांचे पंचेचाळीस होतात, हा वरचा एक कुठला, असेही मी विचारले. तू म्हणालीस, "त्या दिवशी एक तास होते मी तिथे." मी ४६ लिहिले आणि पुढचे सहा आठवडे कोरे सोडले.

या वर्षी अर्ज भरण्याचा महिना आला. मे महिन्यात वुडलँड्सला प्रबोधकाकांकडे जेवायला गेलो होतो. त्यांची पुतणी गेल्या वर्षी अशाच प्रवेशप्रक्रियेतून गेली, त्यामुळे त्या विषयावर त्यांचा शब्द प्रमाण. ताटावरच ते म्हणाले, "शिवदासराव, रुग्णसेवा शंभराच्या खाली दिसली की तो अर्ज कोणी वाचतसुद्धा नाही. बाजूला." हे त्यांना कोणी सांगितले ते मी विचारले नाही. मी, जो कार्यालयात कागदाशिवाय कोणाचे काही मानत नाही, त्याने ते वाक्य जसेच्या तसे घरी आणले. जूनमध्ये तू दिवसभर प्रयोगशाळेत असायचीस. अर्ज संपूर्ण भरून तू मला पासवर्ड पाठवलास. सोबतच्या दोन ओळी माझ्याजवळ छापून ठेवलेल्या आहेत: 'बाबा, तुमच्यासारखं कोणीच तपासत नाही. एकदा बघा आणि पाठवून द्या.' मी रविवारी दुपारी संगणकासमोर बसलो. अर्ज तीनदा वाचला. स्पेलिंगच्या दोन चुका काढल्या, एक तारीख दुरुस्त केली. शेवटी एक प्रतिज्ञा होती, की वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. तिथे तुझ्या नावाने खूण केली आणि अर्ज पाठवून दिला. आई बाजारातून आली तेव्हा मी तिला म्हणालो, "झालं एकदाचं." तिने शेवयांची खीर केली.

आता रत्नदीपविषयी. तुला तो माझ्या तोंडून ऐकून ऐकून पाठ आहे. १९९८ साली तो कनिष्ठ अभियंता होता. परीक्षेला बसण्यासाठी त्याला समुद्रावरच्या सेवेचे अकरा दिवस कमी पडत होते. हात भाजला म्हणून त्याला एका बंदरात लवकर उतरवले होते. त्यात त्याचा काही दोष नव्हता. सेवेचे पत्र माझ्या सहीने जाते. तो माझ्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला होता, "अकरा दिवसांनी इंजिनाचं काय बिघडणार आहे, साहेब?" आणि मी म्हणालो होतो, "इंजिनाचं काही बिघडणार नाही. माझी सही बिघडेल." हे वाक्य मी आपल्या जेवणाच्या टेबलावर किती वेळा ऐकवले, ते तूच मोजले असशील. तेरा वर्षांची असताना तू माझी नक्कल करायचीस, चष्मा नाकावर ओढून.

गेल्या सोमवारी तो कार्यालयात आला. आता चीफ इंजिनिअर झाला आहे, पोटही सुटले आहे. सेरंगून रोडवरून पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन आला होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "या साहेबांमुळे माझी परीक्षा सहा महिने लांबली आणि परीक्षेमुळे लग्न. बायको थांबली म्हणून बरं, नाहीतर आज हे पेढे तुम्हाला तिच्या नवऱ्याकडून खावे लागले असते!" सारे हसले. मग नव्या मुलींकडे वळून तो म्हणाला, "हसू नका. या माणसाकडून एक दिवस जास्त लिहून आणून दाखवा, मी माझा पगार देतो." जाताना त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले. त्याला ती माझी विनम्रता वाटली असावी. हातातला पेढा मी तसाच टेबलाच्या खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा घेऊन त्या शुश्रूषागृहात गेलो. एवढ्या दिवसांत तिथे मी एकदाही गेलो नव्हतो. तू जिथे जात होतीस ती माझ्यासाठी तक्त्यावरची एक हिरवी ओळ होती. स्वयंसेवकांचे काम पाहणाऱ्या मिसेस टॅन यांनी मला तुझ्यावरून ओळखले, "भुवया त्याच आहेत" म्हणाल्या. त्यांनी २००५ची वही काढली. प्रत्येक ओळीत तुझी सही आणि पुढे खाट क्रमांक बारा. तिथे अंकल लिम असत. सत्तावीस वर्षे जहाजावर स्वयंपाकी होते, हे ऐकून मी वहीवरून नजर वर केली. मिसेस टॅन सांगत होत्या की, ते कोणाला नखे कापू देत नसत. तू पहिले दोन दिवस नुसती बाजूला बसलीस. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून हात पुढे केला. पुढे ते तुला कुठल्या बंदरावर कांदे स्वस्त मिळत, ते सांगत. त्यांची भाषा तुला कळत नसे, बंदरांची नावे तेवढी कळत. आणि ती तुला लहानपणापासून माझ्या कागदांवरून ठाऊक होती. चौथ्या आठवड्याच्या सोमवारी तू गेलीस, तेव्हा खाट रिकामी होती. ते रविवारी गेले होते. कोणी तुला कळवले नव्हते. मिसेस टॅन म्हणाल्या, "तुमची मुलगी त्या खुर्चीवर बसून राहिली. मी म्हटलं, दुसऱ्या वॉर्डात ये. ती म्हणाली, आणखी थोडा वेळ." त्यांनी बोट ठेवून मला ओळ दाखवली. खाट क्रमांक बारा, एक तास. खाली तुझी सही, नेहमीपेक्षा लहान.

तू मला तेव्हा सांगितले नाहीस. मी तुझ्या दारात तक्ता घेऊन उभा होतो; सांगणार तरी कशी?

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहिले ते. त्या रविवारी दुपारी, तुझ्या अर्जातल्या ४६ या आकड्याआधी मी १ लिहिला. सेहेचाळीसचे एकशे सेहेचाळीस झाले. ती चूक नव्हती. मी तीनदा वाचून, जाणूनबुजून लिहिले आणि नंतर तुझ्या नावाने प्रतिज्ञेवर खूण केली. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. जूनपासून ते माझ्या घशातून नीट निघत नाही. ज्या महाविद्यालयाने तुला बोलावले आहे, त्यांच्या हातात तो आकडा आहे, आणि मुलाखतीत त्यांनी विचारले तर तू निरागसपणे सेहेचाळीस म्हणशील आणि खोटी ठरशील. हे मला रात्रंदिवस दिसते. कार्यालयात मी जो नियम पाळत आलो तो असा: चुकीचे पत्र ज्याने दिले, मागे घेण्याचे काम त्याचे; खलाशाचे नव्हे. त्याप्रमाणे अर्ज स्वीकारणाऱ्या कार्यालयाला आणि महाविद्यालयाला मी पत्रे तयार केली आहेत. आकडा मी बदलला, माझ्या मुलीला याची कल्पना नव्हती, खरे तास सेहेचाळीस आहेत. सोबत मिसेस टॅन यांच्या वहीच्या पानांच्या प्रती. दोन्ही पत्रे शुक्रवारी, बावीस तारखेला, तिथले कार्यालय उघडताच फॅक्सने जातील. ती पाठवू नका असे तू म्हणालीस तरी जातील. याचा परिणाम काय होईल ते मला ठाऊक नाही. मुलाखत रद्द होऊ शकते, एक वर्ष जाऊ शकते, त्याहून अधिकही जाऊ शकते, आणि ते वर्ष माझे नसून तुझे असेल. मधले दोन दिवस एवढ्याचसाठी ठेवले आहेत की हे तुला त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावे, आणि त्यांच्याशी आधी तूच बोलायचे ठरवलेस तर तुला तेवढा अवसर असावा. काय बोलायचे याची सूचना मी देणार नाही. आईला काल संध्याकाळी सांगितले. ती म्हणाली, "आधी पोरीला लिहा. मग माझ्याशी बोला." त्यामुळे घर सध्या शांत आहे. तक्त्यावरचे ते सहा कोरे आठवडे तसेच कोरे ठेवले आहेत. हिरव्या ओळीपुढच्या ४६ खाली आज मी माझी सही केली. ती मान्य करायची की नाही, हे तू ठरव.

तुझाच,
बाबा