चावीचं मूळ

वाशी, १४ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळ

सुमन माहेरी गेली त्याला महिना झाला. आज फ्लॅटची चावी परत द्यायला आली. आमच्या मजल्यावर चाव्या शेजारच्या काकूंकडेच ठेवतात, तरी ती माझ्या दारात आली. मला ‘थांब’ म्हणायचं होतं. म्हणालो काय, तर ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांचं शावे, स्पॅनिश यावे, इटालियन क्यावे, फ्रेंच क्ले, सगळ्यांचं मूळ लॅटिन क्लाविस.

“झालं सांगून?” तिने चावी टेबलावर ठेवली. “वीस वर्षं हेच. मी काही विचारावं आणि तुम्ही शब्दकोश उघडावा.”

जगाची टिंगल छापून पोट भरणारा मी, बायकोसमोर मात्र मास्तर. चावी उचलली तेव्हा अजून तिच्या हाताने गरम होती. ‘थांब’ का नाही म्हटलं?

आता ती काकूंकडे चहा पितेय, भिंतीतून आवाज येतोय. उठून जायला हवं, आणि मी लिहीत बसलोय.