‘सरळ’ भाषा आणि अस्माची लायब्ररी

मी, ख्वाजा इस्माईल शेख, वय ६९, निवृत्त संगणक शिक्षक, राहणार परळी वैजनाथ, स्वतः टाइप करून हे लिहून ठेवतो. शुगर वाढली आहे, डोके ठिकाणावर आहे, आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

१. घर, ठेव आणि स्कूटर पत्नी अजमतबी व मुलगा तौसीफ यांना शरियतप्रमाणे जावे. वारसांबाहेर एक तृतीयांशापर्यंतच देता येते. पुढे जे देत आहे त्याची बाजारात किंमत शून्य आहे, त्यामुळे हरकत येऊ नये.

२. ‘सरळ’ ही मराठी आज्ञांची प्रोग्रामिंगची भाषा मी अकरा वर्षे खपून बनवली. ती चांगली आहे, हे मी मरतानाही म्हणेन. पण तिला लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, नव्हता. तारीख काढणे, पावती छापणे, सगळे ज्याने त्याने मुळापासून लिहावे, असा माझा हट्ट. चार वर्षांत नऊ जणांनी ती वापरली. त्यांत सात माझे विद्यार्थी, तेही परीक्षेपुरते.

३. माझी विद्यार्थिनी अस्मा बागवान एकदा म्हणाली, "सर, भाषा लई भारी हाय. पण वजनकाट्यावरचा आकडा प्रोग्राममधी घ्यायला माझे चाळीस दिवस गेले. दुसऱ्यानं कशापायी घालवावे?" तिने वजनकाट्यांची लायब्ररी लिहून फुकट वाटली. वर्षात नवाचे तीनशे झाले. बीडला माझा सत्कार झाला. भाषणात मी तिचे नाव घेतले नाही.

४. लोक मला सोडून तिला शंका विचारू लागले, तेव्हा मी ‘सरळ’ची तिसरी आवृत्ती काढली. अस्माची लायब्ररी तिच्यात चालू नये, अशीच ती रचली होती. जाहीर मात्र सुधारणा म्हणून केली. दोन महिन्यांत जवळजवळ सगळे दुसऱ्या भाषांकडे गेले. अस्मा "बरं सर" एवढेच म्हणाली. मला याची लाज वाटते.

५. म्हणून ‘सरळ’चे सर्व हक्क, मूळ कोड आणि संकेतस्थळाचा पासवर्ड अस्माला द्यावा. तौसीफने संकेतस्थळावरून तिसरी आवृत्ती हटवून दुसरी परत ठेवावी. सत्काराची शालही तिचीच. ती नको म्हणाली, तर कोणी समजावायला जाऊ नये.

६. कडा गावाजवळच्या एका वजनकाट्यावर दुसरी आवृत्ती अजून चालते. मागच्या महिन्यात मी तिथे गेलो होतो. काटा सांभाळणाऱ्या शहादेवला विचारले, ही भाषा कोणाची? तो म्हणाला, "अस्मा मॅडमची हाय. तुमी वळखता का त्यान्ला?"

मी हो म्हणालो. त्याची चूक मी दुरुस्त केली नाही. माझ्यामागे कोणी करू नये.

सही: ख्वाजा इस्माईल शेख
साक्षीदार: १. आदिनाथ मुंडे, शेजारी  २. अल्ताफ पठाण, मेकॅनिक
परळी वैजनाथ, १२ जानेवारी २०२५