इराचा स्कॉटलंड

कार्डिफ,
शनिवार, ५ मार्च २००५

ती. आई,

नमस्कार. मेथीचे लाडू पोचले. कस्टमवाल्यांनी डबा उघडून पाहिला होता, पण लाडू सगळे शाबूत. तुझ्या गुडघ्याचं तू फोनवर नीट सांगत नाहीस, म्हणून विचारते, दिलेले व्यायाम करतेस का? ऑपरेशन थिएटरमध्ये मी रोज लोकांना भूल देते, त्यात निम्मे तुझ्याच वयाचे, गुडघे बदलायला आलेले असतात. व्यायाम टाळून काय होतं ते मला तोंडपाठ आहे.

तू विचारलंस की कॅलमचा आवाज हल्ली येत नाही. तो सध्या अबरडीनला असतो. कामासाठी.

आज लिहायला बसले ती इराच्या प्रोजेक्टचं सांगायला. तिच्या वर्गात ब्रिटनमधल्या चार देशांवर प्रोजेक्ट होतं आणि मिसेस प्रॉसरनी इराला स्कॉटलंड दिलं. म्हणाल्या, "तुझ्या तर घरातच स्कॉटिश माणूस आहे, तुला सोपं जाईल." इराने ते वहीत लिहून घेतलं. घरी येऊन म्हणाली, "बाबाला विचारू?"

मी म्हटलं, "आपण दोघी करू. एका स्कॉटिश माणसाबरोबर दहा वर्षं संसार केलाय मी. मला येतं सगळं."

लायब्ररीतून पाच पुस्तकं आणली. पुरुषांचा तो चौकटीचा घागरा म्हणजे किल्ट, बॅगपाइप, हॅगिस नावाचा मटणाचा गोळा, तळ्यातला राक्षस. मी झकास तक्ता केला, चौकटीच्या कापडाचे तुकडेसुद्धा चिकटवले. तुला माहितीच आहे, मी हात घातला की काम देखणंच होतं. इराने तो दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाली, "आई, हा सगळा माहिती दुकानातला आहे."

माहिती 'हा' नसते, हे मी तिला शिकवलं. पण तिचं म्हणणं खरं होतं. एडिंबराच्या स्टेशनवर टॉवेलांवर छापलेलं असतं तेवढंच आम्ही गोळा केलं होतं. कॅलमला फोन केला असता तर अर्ध्या तासात काम झालं असतं. मी केला नाही. इराने मात्र परस्पर डंडीला तिच्या आजीला फोन लावला, आणि जीनने सांगितलं, सुट्टीत या दोघी.

मला जायचं नव्हतं. गेल्या वर्षी जानेवारीपासून मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. पण मुलगी बॅग भरून दारात उभी.

ट्रेनने जवळजवळ सगळा दिवस जातो. जीन स्टेशनवर आली होती, एकोणसत्तराव्या वर्षी, हातात छत्री, डोक्याला प्लास्टिकचा रुमाल. मला पाहून म्हणाली, "बारीक झालीस," आणि माझी बॅग हिसकावून चालायला लागली. घरी पोचल्यावर तिने आधी चहा टाकला.

मग इराने वही उघडली. "आजी, स्कॉटिश कल्चर म्हणजे काय?"

जीन म्हणाली, "मला काय माहीत? मी तर गिरणीत होते."

आई, इतक्या वर्षांत मला हे धड ठाऊक नव्हतं. पंधराव्या वर्षापासून ती तागाच्या गिरणीत मागावर काम करायची. ताग आपल्या बंगालकडून यायचा, गोणपाट डंडीत विणला जायचा. मागांचा आवाज इतका, की बाजूची बाई ओरडली तरी ऐकू येत नसे. म्हणून बायका आवाज न काढता बोलायच्या, ओठ मोठेमोठे हलवून आणि हातांच्या खुणांनी. कोणाचं लग्न ठरलं, कोणाला दिवस गेले, मुकादम कुठल्या दारातून येतोय, सगळं. जीन म्हणाली, "तुझी आई, सुमेधा, पहिल्यांदा आली तेव्हा कॅलमला भीती वाटत होती, मी काय म्हणेन. अगं, हिच्या देशाचा ताग सतरा वर्षं माझ्या नाकातोंडात जात होता. ही मला कशी परकी वाटेल?"

दोन दिवस त्या दोघी स्वयंपाकघरात आवाज न काढता बोलत होत्या. मधूनच खो खो हसायच्या. मी भांडी घासत होते. दुसऱ्या दिवशी इरा लिहिण्यात गुंतलेली असताना जीनने माझ्याकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवले. मला एका फटक्यात कळलं.

"आईला सांगितलंस?"

मी मान हलवली. नाही.

ती पुन्हा तशीच बोलली, सावकाश, एकेक शब्द. "तो माझा मुलगा आहे. त्याला मी टाकणार नाही. आणि तुलाही टाकणार नाही. पण तुझ्या आईशी मी खोटं बोलणार नाही."

वर मी 'कामासाठी' लिहिलंय ना, ते खोडत नाही. पण ते खरं नाही. कॅलम गेल्या वर्षीच्या जानेवारीत घर सोडून गेला. अबरडीनला तो दुसऱ्या बाईबरोबर राहतो. इराला दर रविवारी फोन करतो, सुट्टीत नेतो, त्यात त्याने कसूर केलेली नाही. आम्ही रीतसर वेगळे होतोय.

चौदा महिने मी तुला सांगितलं नाही, कारण लग्नाच्या वेळी तू म्हणाली होतीस, "परका माणूस, उद्या सोडून गेला तर कोणाकडे बघशील?" ते वाक्य मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. एवढंच कारण. मी रडत बसले नव्हते. म्हणजे, बसले होते, गेल्या वर्षीच्या मार्चपर्यंत. मग उठले.

काल शाळेत प्रोजेक्ट झालं. पालकांना त्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं होतं. इरा पुढे आली आणि एक मिनिटभर आवाज न काढता बोलली. मुलं आधी हसली, मग पुढे वाकून तिचे ओठ बघायला लागली. त्यानंतर तिने आजीची गिरणी सांगितली. किल्टचं नाव नाही. शेवटी एका मुलाने विचारलं, "तुझे बाबा किल्ट घालतात का?"

इरा म्हणाली, "लग्नात घातला होता. आता ते आमच्या घरी राहत नाहीत. पण आजी आमचीच आहे." आणि पुढचा प्रश्न कोणाचा म्हणून वर्गाकडे पाहिलं.

मला जे चौदा महिने जमलं नाही ते माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने एका दमात, तीस माणसांसमोर सांगितलं. तिच्या आवाजात लाज नव्हती. मला तिचा हेवा वाटला, आई.

तर आता ऐक. तुझं मे महिन्याचं इकडे यायचं तिकीट रद्द करू नकोस. हीथ्रोला इरा आणि मी येऊ. घर माझ्या पगारात नीट चालतंय, इरा हसते-खेळते आहे, मी पुन्हा पोहायला जाते. तुझं ते वाक्य म्हणायचंच असेल तर फोनवर एकदा म्हणून टाक, मी ऐकून घेईन. पण मग हेही ऐक, की दहातली नऊ वर्षं चांगली होती आणि ती मी निवडली होती. तू आलीस की जीनही येणार आहे. तुम्हा दोघींना एकच खोली. तिचं इंग्रजी तुला कळणार नाही, मलाही निम्मं कळत नाही. इरा मध्ये बसेल.

एक सांगायचं राहिलं. दिवाळीत कॅलमच्या सहीचं कार्ड आलं, ते तू देवघरापाशी लावलंयस म्हणालीस. ती सही मी केली होती. कार्ड काढून टाक. आत 'आईंना नमस्कार' लिहिलंय, तेवढा ठेव. तो लिहिताना मी खरोखर वाकले होते.

तुझी,
सुमेधा