अंकूचे चार दात

आष्टा,
१ जुलै २०२४

चि. नाथाजीस अक्काचा आशीर्वाद.

तुला कुणी सांगितलं हुतं रं दातांच्या डॉक्टरशी खोटं बोलायला? अंकूला एक्सरेला आत पाठवलंस आणि मागनं जयराज डॉक्टरला म्हणालास, माझी भाची कसलंच औषध घेत न्हाई. दाराआडनं अंकूनं ऐकलं ते. फोन केला की तू रेंज न्हाई म्हणतोस, म्हणून कागदावर लिवते. अक्षर लागत नसंल तर बायकोकडनं, रेश्माकडनं वाचून घे.

अंकू म्हणतंय, मी पोरगी न्हाई आणि पोरगा बी न्हाई. मला समदं कळलंय असं न्हाई, पण पोर माझं हाय. सांगलीच्या हार्मोनच्या डॉक्टरनी रक्त तपासून इंजेक्शनं चालू केली, मी सोबत हुते. ते म्हणाले, दात हाडातनं सरकत्यात, ह्या औषधानं हाडात, हिरड्यांत फरक पडू शकतो. तारा लावणाऱ्यानं आधी त्यांच्याशी बोलून घ्यावं. एवढं सोपं काम तुला झालं न्हाई.

रेश्माचं लोणचं पोचलं. लय खारट हाय.

माया हाय तशी ऱ्हाऊ दे.
तुझी अक्का, शालू

सातारा,
५ जुलै २०२४

ती. अक्कास नाथाजीचा साष्टांग नमस्कार.

पत्र रेश्मानंच वाचलं. लोणच्याची ओळ आल्यापासून माझ्या ताटातली चटणी बंद आहे.

जयराज रेश्माचा मावसभाऊ. बाहेरच्यापेक्षा घरचा पाहुणा बरा म्हणून अंकिताला तिथं नेलं, आणि घरचा आहे म्हणूनच त्याला सांगता येत नाही. आज त्याला कळलं तर चौदा तारखेच्या बारशात सगळ्या भावकीला कळेल. वाळव्याचं स्थळ दिवाळीत तिला बघायला येणार. मी त्याला म्हटलं, ओठ आत गेले पाहिजेत, चेहरा नाजूक दिसला पाहिजे. मग तो म्हणाला, चार दात काढून जागा करू. सोमवारी, पंधरा तारखेला काढणार आहे. अंकिता काही बोलली नाही, म्हणजे कबूल असावी.

राग निवला की चार ओळी लिही.
तुझा धाकटा, नाथाजी

आष्टा,
९ जुलै २०२४

चि. नाथाजीस आशीर्वाद, तो बी हात आखडूनच.

अंकू तुझ्या घरात ऱ्हाऊन कॉलेज करतंय, म्हणून गप्प हाय. कबूल कुठलं? मी इचारलं. म्हणालं, आई, जेवताना गाल चावतोय तेवढं नीट करायचं हाय, नाजूक चेहरा मी मागितलाच न्हाई. चांगले दात उपटले की परत रुजत न्हाईत, हे मला अडाणी बाईला कळतंय आणि तू पलटणीत राहून आलास. काढायचेत का न्हाई ते औषध सांगून आणि तोंड ज्याचं त्याला इचारून ठरू दे.

वाळव्याच्या स्थळाला मी कालच नकार कळवला. ते कारण संपलं. ऱ्हायली भावकी. बारशात बोलतील, जेवतील, घरी जातील.

अंकू सोताच जयराजला सांगणार हाय. पण तो पोराआधी मामाचं खरं धरंल. म्हणून तू शेजारी बसायचं आणि मी खोटं बोललो, एवढंच म्हणायचं. जमत नसंल तर सोमवारी पहिल्या एस्टीनं मी येते आणि दवाखान्याच्या दारातनंच सांगते. माझा आवाज तुला म्हाईत हाय.

शनिवारी दिवस मावळायच्या आत फोन कर. अंकूसंगं जाणार का न्हाई, तेवढंच सांग.

अक्का